कीच्या पुढे

दिवसा मी उदगीरच्या तहसीलसमोर बसतो, लिंबाखाली,
टाइपरायटर घेऊन.
"कारणे अर्ज सादर करतो की"
एवढं कुणाला न विचारता टाइप होतं,
बोटांना पाठ आहे.
मग मान वर करून म्हणतो, हं, सांगा,
की काय?

आणि माणसं कीच्या पुढे येऊन अडतात.

संध्याकाळी साडेसातला बिदर रोडला
खताच्या दुकानावर इंग्रजीचा क्लास.
अकरा जण. फी तीनशे, जमेल तशी.
युरियाचा वास जिना चढून येतो
आणि शेवटच्या बाकावर बसतो.

आज फळ्यावर एकाखाली एक:
आय थिंक. आय होप. आय वंडर.
आय ॲम शुअर. आय ॲम अफ्रेड.
पुढे रिकाम्या जागा.
म्हटलं, भरा. दॅट, इफ, नाहीतर व्हेदर.

मन्मथचा हात वर.
"तीन कशाला सर? आपल्याला एक की पुरतो.
वाटतं की. माहीत नाही की.
चहा की सरबत.
आणि, येतो की!
झालं."

शिवकांता म्हणाली, आमच्या घरी तर की पण नाही.
भाऊ येतो म्हणून सांगितला.
आधी सगळं बोलायचं, शेवटी म्हणून.
पोतं भरल्यावर तोंडाला गाठ मारतात, तसं.

मी खडू धरून तसाच उभा.
इंग्रजी गाठ आधी मारते
आणि मग म्हणते, भरा पोतं.

नियम सांगितला.
कळत नसेल तिथं इफ.
व्हेदर म्हणजे कोट घातलेला इफ.
वाटतंय, ठरलंय, कळलंय, तिथं दॅट.
होपच्या पुढं इफ कधीच नाही.

"का?"

हा मैनोद्दीन. फरशी बसवतो.
मंगळवारी हैदराबादला मस्कतच्या कंपनीची मुलाखत.
वहीतलं अक्षर ओळंबा लावल्यासारखं.
"उम्मीद तो है सर, पर मालूम कां है?
मग इफ का नाही?"

म्हटलं, रूढी आहे.
उत्तर येत नाही तेव्हा मी हेच म्हणतो.

त्यानं खालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.
शुअरच्या पुढं?
दॅट.
अफ्रेडच्या पुढं?
दॅट.
खात्रीला पण तोच अन् भीतीला पण तोच?
तोच.

तो काही बोलला नाही.
बसवलेली फरशी खाली पोकळ आहे का
हे ठोकून बघतात ना,
तसं पेन दोनदा वहीवर वाजवलं.

"आणि बोलताना दॅट गाळला तरी चालतो,"
मी सांगून टाकलं.
"मग शिकवूलालाव कशाला?" शिवकांता.
वर्ग हसला. मीही.
खाली शटर ओढल्याचा आवाज आला,
म्हणजे नऊ वाजले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात
मैनोद्दीन लिंबाखाली.
दाखल्यावर मैनोद्दीन, पासपोर्टवर मोईनुद्दीन.
प्रतिज्ञापत्र पाहिजे.
बॉन्ड चढवला, बोटं आपोआप चालली:
"सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की"

थांबलो.
त्यानं वाकून कागद बघितला.
"इसके आगे इफ नहीं आता ना सर?"
नाही. बॉन्डवर इफ चालत नाही.
ही दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत.
बस, एवढंच.

तो वाळलेल्या सिमेंटची नखं खरवडत राहिला.
मग हळूच म्हणाला,
"होपचं पण असं बॉन्डवर करून मिळतं का?"

मागं एक बाई सातबारा घेऊन उभी होती.
मी कॅरेज ओढली, घंटी वाजली,
नवी ओळ.